ऑपरेशन बिघडलं नव्हतं

अहो प्रज्ञाचे बाबा,

तुम्ही गेल्यापासून मी मनातल्या मनात तुमच्याशी पुष्कळ बोलले. भाकरी थापताना बोलले, शाळेत शिकवायला जाताना ऑटोत बसून बोलले. पण भांडले नाही. गेलेल्या माणसाशी काय भांडायचं, असं वाटायचं. आज मात्र भांडायचंच आहे. तोंडानं भांडले तर आतल्या खोलीत तुमचा भाऊ मिलिंद झोपलाय तो ऐकेल आणि दारात बसलेल्या तुमच्या आईही ऐकतील. म्हणून कागद घेतला.

मी अकोल्याला आहे, जुन्या शहरातल्या तुमच्या घरी. शाळेला उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या तशी आले. का आले, ते कळेलच पुढं.

आधी मला एक सांगा. तुम्ही तुमच्या सख्ख्या धाकट्या भावाला काय सांगून ठेवलं होतं? "माह्यं ऑपरेशन बिघडलं. डॉक्टरनं खुब्यात भोक पाडलं अन् माहा पाय घालवला." असंच ना?

खोटं! धडधडीत खोटं! आणि ऑपरेशनच्या वेळी बाहेरच्या बाकावर जीव मुठीत धरून बसलेल्या बायकोला या खोट्याचा पत्ताही नाही! ते मला कळतं कधी? तुम्ही गेल्यावर, आणि मिलिंदचा पाय तुमच्याच वाटेनं निघाल्यावर.

तुम्हाला सगळं माहीत आहे. तरी मी पहिल्यापासून सांगणार आहे, कारण तुम्ही ते दुसऱ्यांना वेगळंच सांगत आलात.

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात तुमचे हातपाय असे दुखले की ओरडू नये म्हणून तुम्ही पांघरुणाचं टोक दातांत धरलं होतं. मी घाबरून गेले. तुमच्या आई, माझ्या आत्याबाई, म्हणाल्या, "काही नाई व, वात हाये त्याले. लहानपणापासून हाये." शेक दिला, पाणी पाजलं, आणि दुखणं ओसरल्यावर तुम्ही काही झालंच नाही अशा तोंडानं कामावर गेलात. पंचविशीतल्या माणसाला असा कसा वात? पण मी नवी नवरी. विचारणार कोणाला?

प्रज्ञाच्या वेळी अमरावतीला माझं रक्त तपासलं. तुमचंही मागितलं. तेव्हा तो शब्द पहिल्यांदा माझ्या कानावर पडला, सिकलसेल. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नळ्यांत अडकतात, पुढं रक्त जाऊ देत नाहीत, आणि जिथं अडकतात तिथं माणूस कळवळतो. तिथल्या सिस्टर मला समजावून सांगत होत्या आणि तुम्ही शेजारच्या खुर्चीवर मान खाली घालून बसला होता. तुम्हाला सगळं माहीत होतं! मिलिंदलाही तेच आहे, हेही माहीत होतं!

परतताना बसमध्ये मी विचारलं, "कावून नाही सांगितलं?"

तुम्ही खिडकीबाहेर पाहत म्हणालात, "सांगितलं असतं तर आली असती काय तू?"

अहो, विचारून तर पाहायचं होतं! आले असते की नसते, ते मी ठरवलं असतं ना? माझं उत्तरही तुम्हीच देऊन मोकळे! तुमची ही खोड शेवटपर्यंत गेली नाही. दुसऱ्याला झेपणार नाही असं स्वतःच ठरवायचं आणि तोंड शिवून बसायचं.

तुमच्या कामाबद्दल मात्र मी कधी वाकडा शब्द काढला नाही. आजही काढणार नाही. दर्यापूरकडच्या त्या खारपाण पट्ट्यात, जिथं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, तिथं तुम्ही गावोगाव फिरून ढोरांना औषधपाणी केलं. लोक तुम्हाला ढोरडॉक्टर म्हणायचे आणि तुम्हाला ते आवडायचं. गाय अडली, बैल फुगला, की माणूस आधी आपल्या दारात. तुमचा हात ढोराच्या पाठीवर पडला की ते शांत उभं राहायचं. मी पाहिलंय ते.

आणि हेही पाहिलंय. किसनराव त्यांचा ढवळ्या बैल घेऊन आले होते, मागचा पाय टेकत नव्हता. किसनराव म्हणाले, "साहेब, एक इंजेक्शन ठोकून द्या, चार दिवसांचं वखरण बाकी हाये." तुम्ही केवढ्यानं खेकसलात त्यांच्यावर! "इंजेक्शननं दुखणं दबन, पाय बरा नाई होणार! जू ठेवलं ना याच्या मानेवर, तर जन्माचा लंगडा होईन. खुट्याले बांधून ठेव!"

बैलापुरतं कळत होतं तुम्हाला हे शहाणपण. स्वतःपुरतं नाही कळलं? स्वतःला बांधून ठेवायला कोणता खुटा पाहिजे होता तुम्हाला?

ती वर्षंच वाईट होती, मान्य. पेपर उघडला की शेतकऱ्यांच्या आत्महत्या, आणि नावं आपल्याच तालुक्यांची. पेरणी साधली तर पाऊस दडी मारायचा, पाऊस साधला तर कापूस कोणी विचारायचं नाही. अशा घरात बैल मेला म्हणजे त्या वर्षाचं वावर मेलं. एकदा फेरीवरून आलात, जेवणाचं ताट तसंच सरकवलं आणि म्हणालात, "शालू, आज म्या डवऱ्याच्या औताले बाई जुंपलेली पाह्यली. एका बाजूनं बैल अन् दुसऱ्या बाजूनं कास्तकाराची बायको. तिच्या खांद्यावर वळ हाये हा असा." बोटांनी तुम्ही वळाची रुंदी दाखवलीत.

त्या बाईचा खांदा तुम्हाला दिसला. तो दिसलाच पाहिजे होता. पण आपल्याच घरात, आपल्याच चुलीसमोर बसलेली दुसरी एक बाई होती, तिच्या खांद्यावर तुम्ही काय ठेवून जाणार होता, ते कधी दिसलं नाही?

मग तुमचं मांडी घालणं बंद झालं. सगळ्यात आधी मला तेच जाणवलं. जेवायला बसताना तुम्ही एक पाय लांब सोडायला लागलात. फटफटीवर बसताना पाय हातानं उचलून पलीकडं टाकायला लागलात. विचारलं की, "गोऱ्ह्यानं लाथ मारली." पुन्हा विचारलं की, "गुडघा दुखते." फेरीच्या गावातल्या एका डॉक्टरकडून इंजेक्शनं घेऊन यायचात, आठ दिवस हसत हिंडायचात, की पुन्हा लंगडत. ढवळ्याला जे ठोकायला नकार दिलात ना, तेच स्वतःला ठोकून घेत होता!

शेवटी मीच तुम्हाला अकोल्याला हाडांच्या डॉक्टरकडं ओढत नेलं. साध्या फोटोत काही दिसेना. तुम्ही लगेच म्हणालात, "पाह्य, म्हटलं ना काही नाई." पण डॉक्टर तुमचा पाय आत-बाहेर फिरवत होते आणि तुम्ही दात आवळत होता. त्यांनी एमआरआय करायला लावला. त्यात दिसलं.

त्यांचं बोलणं मला अजून तोंडपाठ आहे. ते म्हणाले, "मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा असतो, तो खुब्याच्या वाटीत फिरतो. त्या गोळ्याला रक्त पोचत नाहीये. आतून हाड मरत चाललंय. पण गोळा अजून गोल आहे, बसलेला नाही. म्हणजे अजून वेळ आहे."

"मंग बदलून टाका," तुम्ही म्हणालात, जसा काही फटफटीचा टायर बदलायचा आहे.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमचं वय कमी आहे, बदललेला सांधा जन्मभर पुरेलच असं नाही. त्यात तुम्हाला सिकलसेल, मोठ्या ऑपरेशनचा धोका जास्त. आपण आधी तुमचाच सांधा वाचवायचा प्रयत्न करू. बाजूनं बारीक भोक पाडून त्या मेलेल्या भागापर्यंत जायचं. आतला दाब कमी होतो, दुखणं कमी होतं, नवं रक्त यायला वाट मिळते. हमी देत नाही. कोणाला फायदा होतो, कोणाला होत नाही. पण त्यानंतर मी सांगेपर्यंत त्या पायावर भार टाकायचा नाही. कुबड्या. आतून पोखरलेलं हाड आहे ते, कच्च्या विटेसारखं. त्यावर उभे राहिलात तर गोळा चेपून जाईल, आणि चेपलेला गोळा पुन्हा गोल होत नाही."

तुम्ही ऐकलं होतं ना हे? माझ्या शेजारी बसून ऐकलं होतं. मान हलवली होती.

आधी रक्त चढवलं, मग ऑपरेशन झालं. नीट झालं. तुम्हाला बाहेर आणलं तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "शालू, जांघेतला तो ठणका गेला व!" इतक्या महिन्यांनी तुमचं कपाळ मोकळं दिसत होतं. बिघडलेल्या ऑपरेशननंतर माणूस असं बोलतो काय हो?

तुमच्या आईला पत्ता लागू न देता दर्यापूरला घरी आलो. तुम्ही बजावलंत, "आईले काही कळवू नको, भेव घेईन." मी ऐकलं. तुम्ही खाटेवर, कुबड्या भिंतीला टेकलेल्या. छोटी प्रज्ञा तुमच्या पोटावर डोकं ठेवून धडे वाचायची. मला वाटलं, सुटलो आपण.

आणि पेरणीच्या तोंडावर खुरकूत आली. गावंच्या गावं. बैलांच्या तोंडातून लाळ, खुरांना जखमा, उभं राहवत नाही. लोक आपल्या दाराशी यायला लागले. मी रोज सांगायची, साहेब रजेवर आहेत, बदलीवरच्या साहेबांकडं जा. तो बिचारा एकटा किती ठिकाणी पुरणार? मग एका सकाळी किसनराव आले. त्यांचे डोळे लाल.

"बाई, फक्त एक डाव येऊ द्या साहेबाले. मी फटफटीवर बसवून नेतो, खाली पाय नाई लागू देत."

"नाही," मी दारात उभी राहिले. "त्यांच्या पायाचं हाड कच्चं आहे. तुमच्या ढवळ्याला खुट्याला बांधायला लावलं होतं ना त्यांनी? हेही बांधलेले आहेत असं समजा."

किसनरावांनी मान खाली घातली. जायला वळले, हो! माणूस परत निघाला होता! आणि मागून तुमचा आवाज आला, "थांबा किसनराव. येतो मी."

मी तुमच्याकडं धावले. म्हटलं, "जाऊ नका. पाया पडते तुमच्या."

"गाडीवरच तर जायचं हाये."

"गोठ्यात गाडी जाते का? बैल धरताना कुबड्या कुठं ठेवाल?"

तुम्ही माझ्याकडं पाहिलं नाही. म्हणालात, "त्याच्या घरी डवरा वढाले बायको बी नाई राह्यली शालू. मरून गेली ती गेल्या साली."

आणि गेलात. त्यानंतर रोज गेलात. पहिल्या दिवशी दोन कुबड्या नेल्या, मग एक, मग एकही नाही. मी बोलणं टाकलं तर तुम्ही हसून म्हणायचात, "दुखत नाई व आता! डॉक्टर लोक भेव दाखवतेत." अहो, दुखत नव्हतं कारण ऑपरेशन चांगलं झालं होतं! त्याच चांगलेपणाचा तुम्ही घात केलात!

मग एक दिवस कोणाच्या तरी गोठ्यात बैलानं रेटा दिला, तुमचा सगळा भार त्या पायावर आला, आणि तुम्हाला बंडीत आडवं घालून आणलं. अकोल्याला पुन्हा फोटो काढला. या वेळी साध्या फोटोतही दिसत होतं. गोळा एका बाजूनं बसला होता, टोपल्यात दाबलेल्या टमाट्यासारखा.

मी डॉक्टरांना विचारलं, "चालले नसते तर वाचला असता ना?"

ते म्हणाले, "छातीठोक सांगता येणार नाही. सिकलसेलमध्ये सगळं नीट पाळूनही कधीकधी बसतो. पण त्याला संधी तरी मिळाली असती."

या एका वाक्यानं मला किती छळलंय, सांगू? मला तुमच्यावर पूर्ण रागही धरता येत नाही! नसता वाचला तर नसता वाचला. पण आपण वाट तरी पाहिली असती ना? आता मला जन्मभर कळणार नाही.

त्यानंतरचं काय लिहू? काठी आली. कंबर वाकडी झाली. सांधा बदलायचं नाव काढलं की तुम्ही उसळायचात, "मले आता कोणाचा चाकू नको!" मला वाटायचं, भीती बसली बिचाऱ्याला. मला काय माहीत, तुम्ही बाहेर आपली गोष्ट तयार करून ठेवली होती आणि तीच आता धरून बसला होता!

आणि शेवटी तो ताप. तोही लपवला. लसीकरणाच्या कॅम्पला गेलात, छातीत दुखतंय हे सांगितलं नाही, धाप लागली तेव्हा कळलं. अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, छातीतच रक्त अडकलंय, काल आणलं असतं तर बरं झालं असतं. काल! काल तुम्ही कोणाच्या तरी म्हशीला सुई टोचत होता. नाकावर ऑक्सिजन असताना तुम्ही माझ्याकडं पाहून हाताच्या खुणेनं सांगितलंत की काही नाही, ठीक आहे. तुमची शेवटची खूणसुद्धा खोटी होती हो!

मी रडले, पण त्या खुणेचा राग माझ्या पोटात तसाच राहिला.

आता मिलिंदचं ऐका.

या वर्षी तुमच्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाला इथल्या विहारात सगळे जमले. त्रिशरण-पंचशीलासाठी सगळे खाली मांडी घालून बसले. मिलिंद भिंतीला टेकून बसला होता, डावा पाय समोर लांब सोडून. माझे हात जोडलेले, ओठ हलत होते, पण नजर त्या पायावरून हलेना. मागून उठताना त्यानं खिडकीचा गज धरला.

मी त्याला बाहेर गाठलं. "मिलिंदभाऊ, मांडी कावून नाही घातली?"

"गुडघा दुखते वहिनी. दुकानात उकिडवं बसून बसून. फवारणीचे पंप काय टेबलावर उघडता येतेत?"

"गुडघा नाही. जांघेत दुखते का? चप्पल घालताना पाय आत वळते का?"

त्यानं तुमच्यासारखीच दुसरीकडं मान वळवली. मला वाटलं, आता याच्या एक कानाखाली द्यावी! मी म्हटलं, "उद्या दुकान बंद. मी तुम्हाला घेऊन जाऊन राहिली आणि तुम्ही येऊन राहिले. बस."

तेच डॉक्टर. केस पांढरे झालेत. त्यांनी पाय फिरवला, एमआरआय केला, आणि माझ्याकडं पाहून म्हणाले, "या वेळी वेळेत आणलंत. गोळा गोल आहे. भोक पाडू, आणि आता कमरेच्या हाडातला त्यांचाच मगज काढून त्या भोकात सोडतो आम्ही, नवं हाड धरायला मदत व्हावी म्हणून. हमी तेव्हाही नव्हती, आजही नाही."

आणि मिलिंद उठून उभा राहिला. "मले भोक पाडायचं नाई. दादाचं पाडलं होतं. बिघडलं."

मी म्हटलं, "कोण म्हणालं?"

"दादाच म्हणाला. मले अन् आईले, दोघायलेही. म्हणे, मिल्या, तुह्यावर हे पाळी आली तर चाकू लावू देऊ नको."

ऐकलंत? चाकू लावू देऊ नको! तुम्ही स्वतःच्या पायावर थांबला नाहीत, भावाच्या पायावरही आपलं खोटं ठेवून गेलात! डॉक्टर टेबलाच्या पलीकडून ऐकत होते. त्यांच्या तोंडावर त्यांनाच दोष दिला जात होता. लाज मला वाटली. तुमच्या वाट्याची लाज!

घरी आले तर आत्याबाईंचंही तेच. "एका पोराचा पाय घालवला, आता दुसऱ्याचा घालवतं काय व?"

मग मी नाही थांबले. सगळं सांगितलं. बाहेर आणल्यावर ठणका गेला म्हणालात तेही, किसनरावही, दोन कुबड्या, एक कुबडी, आणि गोठ्यातला तो रेटाही. आत्याबाईंचा चेहरा लाल झाला. म्हणाल्या, "मेलेल्या माणसाले बदनाम करून राह्यली तू! तोंड नाई त्याले आता बोलाले!"

"जित्याला वाचवून राहिली आत्याबाई," मी म्हटलं. "मेलेला मेला. त्याची इज्जत मोठी का या पोराचा पाय?"

त्या उठून आत गेल्या. मिलिंद किती तरी वेळ पंपाची एक नळी हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "दादा कावून खोटं बोलला असंन, वहिनी?"

"आईनं विचारलं असतं ना, डॉक्टरनं सांगूनही पायावर कावून चालला? त्याला उत्तर नव्हतं."

तो म्हणाला, "खरं सांगितलं असतं तर मले नुसता त्याचा राग आला असता. खोटं सांगून त्यानं मले भेव घातलं. चार महिने झाले वहिनी, पाय दुखून राह्यला, अन् मी भेवानं कोणाले सांगितलं नाई."

चार महिने! ऐका! हे तुमचं देणं आहे भावाला. ज्या भावानं, आजार लपवून लग्न करायचं नाही म्हणून लग्नच केलं नाही, त्या भावाला.

दुसऱ्या दिवशी त्यानंच डॉक्टरांना फोन लावला.

ऑपरेशन झालं. आता तो आत झोपलाय. कुबड्या हाताशी आहेत, पण न्हाणीपर्यंत जायलाही मी बरोबर असते. अकोल्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे, घसा कोरडा पडला की रक्त अडकतं, म्हणून मी सारखं पाणी पाजते आणि तो शिव्या घालतो. शेजारचे सलीमभाई, कल्हईवाले, त्यांनी दुकानाची किल्ली आपणहून मागून घेतली. म्हणाले, "भाभी, गिऱ्हाईक मी पाहतो. तुमी फक्त याले खाटेवरून उठू देऊ नका. भाई के टाइम भी आम्हाला कोणी सांगितलं असतं, तर आलो असतो ना दर्यापूरले!"

पाहिलंत? लोक आले असते. तुम्ही हाकच मारली नाही.

आज सकाळी एक कास्तकार पाठीवर पंप घेऊन दारातच येऊन उभा राहिला. म्हणे मिलिंदभाऊलाच दाखवायचा, दुसऱ्याच्या हाताला गुण नाही, पाचच मिनिटं बोलवा. आतून मिलिंद म्हणाला, "आलो, आलो," आणि खाट करकरली. मी भाकरी टाकून उठले, पण माझ्याआधी आत्याबाई दारात. दोन्ही हात चौकटीला लावून उभ्या राहिल्या आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तो नाई येत! माह्या पोराले सिकलसेल हाये! खुब्याचं ऑपरेशन झालं त्याचं! डॉक्टर म्हणन तवाच पाय खाली टेकन तो! जा बापा, सलीमभाईकडं जा!"

अहो, तुमच्या आईनं तो शब्द उच्चारला! जन्मभर ज्याला वात म्हटलं, तो शब्द भर गल्लीत! समोरची बाई धुणं तसंच हातात धरून पाहत राहिली.

तो माणूस गेल्यावर त्या तिथंच उंबऱ्यावर बसल्या. माझ्याकडं न पाहता म्हणाल्या, "माह्या अशोकच्या टायमाले मले कोणी सांगितलं असतं, तर मी त्याच्याही दारात अशीच बसली असती."

मी काय उत्तर देणार? तुम्ही द्या! तुमची आई होती ती. तुमच्या दारात बसायचा तिचा हक्क होता, आणि भेव घेईल म्हणून तुम्ही तो काढून घेतलात. तिच्या त्या एका वाक्यानं मला तुमचा जेवढा राग आला, तेवढा आजवर कधी आला नव्हता. आणि खरं सांगू? तेवढी तुमची आठवणही कधी आली नव्हती.

माफ केलं असं लिहिणार नाही. केलेलं नाही.

पण एक वचन देते. पावसाळ्यात मिलिंदचा पुन्हा एमआरआय आहे. गोळा गोल राहिला तर राहिला म्हणून सांगेन, बसला तर बसला म्हणून सांगेन. डॉक्टरवर ढकलणार नाही आणि नशिबावरही ढकलणार नाही. आणि आपली प्रज्ञा. तिला त्रास नाही, पण तुमच्या रक्ताचा अर्धा वाटा तिच्यात आहे. तिच्यासाठी कोणी आलं, तर चहा ठेवायच्या आधी मी हे सांगणार, मुलाचं रक्त तपासून या म्हणणार. ज्यांना उठून जायचं असेल ते जातील. जे बसून राहतील, त्यांच्यासाठी मी चहा ठेवीन.

जयभीम.

तुमची,
शालिनी